जमिनीचं इन्सुलेशन: एक अख्खा हिवाळा वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथूनच परत जातील. तळमजल्याला लाकडी फळ्यांची जमीन असेल, खाली माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी असेल आणि थंडीत तुम्ही हीटिंग लावून राहत असाल, तर फ्लोअर इन्सुलेशन, म्हणजे जमिनीतून उष्णता जाऊ नये म्हणून तिच्या खाली भरायचा थर, करून घ्या. जमीन काँक्रीटची असेल तर नुसतं बिल कमी करायला म्हणून ती फोडत बसू नका, फरशी बदलायचीच असेल तेव्हा त्यातच उरकून घ्या. आणि तुमच्या खालच्या मजल्यावर दुसरं कुणी हीटिंग लावून राहत असेल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचाच नाही, तुमची जमीन फुकटात गरम होतेय, त्या माणसांशी फक्त गोडीने वागा.

आमच्याकडे पहिला प्रकार. जुनी लाकडी जमीन, खाली तुळया, म्हणजे ज्याला सगळे जोइस्ट म्हणतात त्या, आणि त्याखाली माती आणि अंधार. दोन तुळयांच्या मधल्या जागेत ग्लासवूलचे (काचेच्या तंतूंच्या लोकरीचे) जाड पट्टे भरून घेतले, खालून जाळी आणि श्वास घेणारा मेम्ब्रेन, म्हणजे वारा अडवून वाफ जाऊ देणारा पातळ पडदा, मारला, वरच्या बाजूने फटी सील केल्या. काम कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेतलं, नाव इथे देत नाही कारण काही गोष्टी चांगल्या केल्या, काही अशा केल्या की परत बोलवावं लागलं, ते सगळं पुढे येईलच.

पहिला फरक बिलात नाही, पायांत कळला. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी एवढा आकडेमोडीत शिरलोच नसतो. आधी भिंतीवरचा थर्मोस्टॅट २० अंश दाखवायचा आणि तरी सगळे पाय वर घेऊन बसलेले असायचे, मग कुणीतरी उठून तो २२ वर न्यायचं, डोकं तापायचं पण पाय थंडच. याचं कारण सोपं आहे. थर्मोस्टॅट हवा मोजतो आणि तीसुद्धा छातीच्या उंचीची, पाय मात्र जमिनीपाशी असतात. आरामाचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ ७७३०, त्यात घोटा आणि डोकं यांच्या हवेच्या तापमानात साधारण ३ अंशांपेक्षा जास्त फरक नको आणि जमिनीचा पृष्ठभाग १९ ते २९ अंशांत असावा असं धरलंय. आमची जमीन थंडीत कडेच्या खोलीत १६ च्या आसपास असायची (लेझरचा ठिपका पडतो ना, त्या हातातल्या थर्मामीटरने बघितलेलं, फार शास्त्रीय समजू नका), आता १९ च्या वर राहते. तीनच अंश, वाचायला किरकोळ वाटतात, पण आता थर्मोस्टॅट २० वर ठेवला तर कुणी त्याला हात लावत नाही, आणि खरी बचत तिथेच होते.

गालिचा टाकला तर चालेल का, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. टाका की. पायाला लगेच बरं वाटतं कारण गालिचा पायातली उष्णता पटकन ओढून घेत नाही. फरशी आणि लाकूड एकाच तापमानाला असले तरी फरशी जास्त थंड लागते, तिथे हेच कारण आहे. पण फळ्यांच्या फटीतून आणि स्कर्टिंगच्या खालून जो गार वारा येतो त्याला गालिचा काय करणार.

या वाऱ्यावर जरा थांबतो, कारण जमिनीच्या बाबतीत "गरम हवा वरच जाते मग खालून काय जाणार" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय. गरम हवा वर जाते हे बरोबर, पण उष्णता जिकडे थंड असेल तिकडे जाते, वर, खाली, आडवी, तिला फरक पडत नाही. आणि गरम हवा वर गेली की छताजवळच्या, खिडक्यांच्या फटींतून बाहेर पडते आणि तेवढीच हवा खालून आत खेचली जाते, कुठून, तर जमिनीखालच्या त्या मातीच्या वासाच्या पोकळीतून. म्हणजे गरम हवा वर जाते म्हणूनच तर जमिनीच्या फटी बुजवायला हव्यात! आमच्याकडे पावसाळी दिवसांत घरात एक कुबट वास असायचा तो जवळजवळ गेला, याची जाहिरात कुणीच करत नाही, करायला हवी.

आता बिल. कॉन्ट्रॅक्टर लोक जे आकडे तोंडावर फेकतात ते सोडा, स्वतः गणित करा, शाळेतल्या गुणाकाराच्या पलीकडचं काही नाही. समजा तळमजला ५० चौरस मीटर आहे. इन्सुलेशन नसलेल्या अशा लाकडी जमिनीचा यू व्हॅल्यू, म्हणजे दर चौरस मीटरमधून दर अंश फरकाला किती वॅट उष्णता जाते तो आकडा, साधारण ०.७ धरू (घराच्या आकारावर बदलतो), काम नीट झालं तर ०.२ पर्यंत येतो. फरक ०.५. आत २० अंश आणि बाहेर सरासरी ८ म्हणजे १२ अंशांचा फरक. ०.५ गुणिले ५० गुणिले १२, झाले ३०० वॅट. दिवसरात्र घर गरम ठेवत असाल तर दिवसाला ७.२ युनिट आणि महिन्याला २१६ युनिट उष्णता वाचली. साधा कॉइलवाला हीटर असेल तर तेवढीच वीज वाचेल. हीट पंप (बाहेरची उष्णता आत ओढून आणणारं यंत्र) असेल आणि तो एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देत असेल तर वीज फक्त ७२ युनिट वाचेल. म्हणजे ज्याचं हीटिंग आधीच काटकसरी त्याचे पैसे उशिरा वसूल होणार, हे कुणी विकणारा सांगत नाही. आणि तुम्ही फक्त संध्याकाळीच हीटिंग लावत असाल तर सरासरी फरक कमी धरा, आकडा बराच खाली येईल.

आमचं बिल उतरलं का? उतरलं. पण नुसतं मागच्या वर्षीचं बिल आणि या वर्षीचं बिल शेजारी ठेवून टाळ्या वाजवू नका, कारण हिवाळे सारखे नसतात. डिग्री डे म्हणून एक हिशोब असतो: दिवसाचं बाहेरचं सरासरी तापमान समजा १८ अंशांच्या जितकं खाली तितके त्या दिवसाचे डिग्री, सगळ्या सीझनची बेरीज करायची आणि युनिटना त्या बेरजेने भागायचं. तसं केल्यावर आमची बचत बिलात दिसते त्यापेक्षा थोडी कमी निघाली कारण या वेळी थंडीच जरा कमी होती. तरी समाधान आहे. पण छताचं इन्सुलेशन झालेलं नसेल तर आधी ते करा, हे मी जमिनीच्या रिव्ह्यूमध्ये लिहितोय तरी लिहितोय, कारण साधारण घरात छत आणि भिंती मिळून जमिनीपेक्षा खूप जास्त उष्णता घालवतात आणि छताचं काम सोपंही असतं.

मटेरियलकडे येऊ. इथे लोक लॅम्डा लॅम्डा करत भांडतात. लॅम्डा म्हणजे मटेरियलमधून उष्णता किती सहज जाते तो आकडा, कमी तितका चांगला. ग्लासवूल, रॉकवूल ०.०३५ च्या आसपास, आपला थर्माकोल म्हणजे ईपीएस ०.०३६ वगैरे, एक्सपीएस म्हणजे थर्माकोलचाच घट्ट भाऊ, त्याहून थोडा बरा, लाकडाच्या तंतूंचे बोर्ड ०.०४ च्या आसपास, आणि फॉइल लावलेले पीआयआर, म्हणजे कडक फोमचे बोर्ड ०.०२२. मीटरमधली जाडी भागिले लॅम्डा म्हणजे आर व्हॅल्यू, तो थर उष्णता किती अडवतो तो आकडा, जास्त तितका चांगला. आर ४ हवा असेल तर पीआयआर ९० मिमी पुरतो, ग्लासवूल १४० मिमी लागतो, लाकूडतंतू १६० मिमी. आणि पॅकेटवर आर २० वगैरे दिसला तर हुरळून जाऊ नका, ते फूट-इंचवालं माप असतं, त्याला ५.६८ ने भागलं की आपलं मीटरवालं येतं, म्हणजे तो आर २० मुळात ३.५ च आहे.

मग पीआयआर का नाही घेतला? कारण तुळयांमधलं अंतर जुन्या घरात कुठेच सारखं नसतं. कडक बोर्ड प्रत्येक गाळ्यात, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेत, मोजून कापून बसवायचा, तोही पाठीवर झोपून, डोळ्यात माती पडत असताना, तो कारागीर किती नीट कापणार? कडेला बोटभर फट राहिली की तिथून हवा खेळते आणि बोर्डच्या वर गार हवा पोचली की तो बोर्ड तिथे असून नसल्यासारखा, जाड स्वेटर घालून समोरची चेन उघडी टाकावी तसं. ग्लासवूल थोडा जास्त रुंद कापून दाबून बसवला की स्वतःच फुगून कडा भरतो. कागदावर पीआयआर भारी, पाठीवर झोपलेल्या माणसाच्या हातात वूल भारी. माझं मत आहे, वाद घाला.

फट किती महाग पडते याचं एक गणित करून बघितलं ते सांगतो. खालची पोकळी आणि माती हिशोबात न घेता भरलेल्या जागेचा यू ०.२२ आणि नुसत्या उघड्या फळीचा २ धरला, आणि १०० पैकी फक्त ५ भाग उघडा राहिला, तर सरासरी ०.३१ येते. म्हणजे पाच टक्के आळसामुळे गळती ४० टक्क्यांनी जास्त. हे बघितल्यावर ०.०३२ चा वूल घ्यावा की ०.०३५ चा यावर रात्र जागवणं मी सोडून दिलं. (तुळयांमधूनही उष्णता जातेच, लाकडाचा लॅम्डा ०.१३ च्या आसपास, वूलच्या जवळपास चौपट, पण ते सहन करावं लागतं, नाहीतर तुळयांच्या खालून अजून एक आडवा थर द्यावा लागतो. आमच्याकडे तेवढी उंची नव्हती.)

चमकणारी बबल फॉइल. हिच्याबद्दल मला राग आहे तो आधीच सांगतो. "आठ मिलीमीटरची फॉइल म्हणजे जाडजूड वूलच्या बरोबरीची" असं सांगून विकतात. अहो, थांबलेल्या हवेचा लॅम्डाच ०.०२५ च्या आसपास आहे, आठ मिलीमीटरमधून ०.३२ च्या वर आर निघणारच नाही, कितीही चमकू दे. फॉइलचा उपयोग होतो, नाही असं नाही, पण तो चकचकीत बाजूसमोर बंद हवेची पोकळी ठेवली तरच, आणि उष्णता खाली जात असेल तेव्हा अशी पोकळी बऱ्यापैकी काम करते हेही खरं. पण फळीला चिकटवून ठोकली तर त्या बाजूच्या चमकीचा शून्य फायदा, आणि वर तोंड करून असलेल्या फॉइलवर धूळ बसली की चमक गेली, चमक गेली की काम गेलं. पाचपैकी एक, तोही वाऱ्याला थोडा अडसर होतो म्हणून.

स्प्रे फोम. बघायला मस्त, पाइप खालून आत घालून फवारला की झालं, हल्ली सरपटणारे छोटे रोबोटही फवारतात. फटी एकदम बंद होतात हे मान्य. पण लाकडी जमिनीला मी तो लावणार नाही. तुळई पूर्ण झाकली जाते, उद्या तिला ओल लागली, कीड लागली, काही कळायला मार्ग नाही, आणि वायर बदलायची म्हटली तरी खरवडत बसा. फवारताना त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, त्यांचा दम्याशी थेट संबंध आहे, त्यामुळे फवारणाऱ्याला पूर्ण मास्क-सूट आणि घरच्यांना तेवढा काळ बाहेर, यात तडजोड नको. पोकळी इतकी उथळ आहे की माणूस जाऊच शकत नाही आणि वरून फळ्याही उचलायच्या नाहीत, अशाच ठिकाणी विचार करा.

एअरोजेलचे, म्हणजे बहुतेक हवाच असलेल्या अतिहलक्या घन पदार्थाचे, पातळ ब्लँकेटही असतात. हे मटेरियल नवीन नाही, सॅम्युअल किस्टलरने १९३१ मध्ये केलेलं, लॅम्डा ०.०१५ च्या आसपास, कमाल आहे. पण १० मिमीला आर ०.६७ मिळतो आणि खिशाला जी कात्री लागते ती बघता उंबरठ्यापाशी, जिन्याच्या पायरीपाशी, जिथे जागाच नाही तिथे दोन तुकडे, बस.

आता ओल. हा भाग वाचल्याशिवाय कुणालाही कामाला लावू नका. लाकडी जमिनीच्या खालची पोकळी कोरडी राहते ती जोत्यात जे हवेचे झरोके ठेवलेले असतात त्यांच्यामुळे. गार वारा येतो म्हणून ते झरोके बुजवणारे महाभाग मी पाहिलेत, मिस्त्रीसुद्धा सुचवतात. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिली की बुरशी कुजवायला सुरुवात करते, आणि ही कुज तुम्हाला दिसत नाही, पाय खचल्यावरच कळते. एक गंमत बघा, इन्सुलेशन केल्यावर घरातली उष्णता खाली झिरपायची थांबते, म्हणजे पोकळी आधीपेक्षा थंड होते, आणि थंड हवेत तेवढीच वाफ असली तरी आर्द्रता वाढते. म्हणजे इन्सुलेशन केल्यावर झरोक्यांची गरज कमी नाही, उलट जास्त. आमच्या घरी दोन झरोके बाहेरून मातीने अर्धे झाकले गेले होते ते मोकळे करून मगच काम सुरू केलं, आणि हे कॉन्ट्रॅक्टरनेच सांगितलं, त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क.

खालचा मेम्ब्रेन श्वास घेणारा हवा, साधा प्लास्टिकचा कागद नव्हे. थंड प्रदेशात वाफ घरातून बाहेर जायला बघते, तेव्हा वाफ अडवणारा थर गरम बाजूला म्हणजे फळ्यांच्या लगेच खाली किंवा वर, आणि थंड बाजू मोकळी. खालून प्लास्टिक ठोकलं तर वाफ त्यावर पाणी होऊन वूल भिजवत बसणार. आणि ज्यांच्याकडे उलट आहे, म्हणजे बाहेर दमट उकाडा आणि आत एसी, त्यांनी माझा वूलचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका हां. तिथे फळी थंड आणि वाफ खालून वर येणार, वूलमधून आरपार जाऊन फळीच्या पोटाला घाम फुटणार. तिथे वाफ न जाऊ देणारे कडक बोर्ड, सगळे जोड टेपने बंद, हेच बरं पडतं.

पाइप आणि वायर. पाण्याचे पाइप इन्सुलेशनच्या खाली राहत असतील तर त्यांना आता घराची ऊब मिळणार नाही, कडक थंडीत गोठतील, त्यामुळे प्रत्येक पाइपला वेगळं फोमचं कव्हर, कोपऱ्यांसकट. वायरी इन्सुलेशनमध्ये गाडल्या गेल्या की त्यांची उष्णता बाहेर पडत नाही, मग तीच वायर आधीइतका करंट सुरक्षितपणे वाहू शकत नाही, हेवी लोडच्या वायरी असतील तर इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि थर्माकोल वापरणार असाल तर पीव्हीसी वायर त्याला टेकू देऊ नका, वायरच्या कव्हरला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर थर्माकोल शोषून घेतो आणि कव्हर कडक होऊन तडकतं. ही गोष्ट सुताराला माहीत नसते आणि इलेक्ट्रिशियन त्या वेळी घरात नसतो.

सर्व्हिसबद्दल. सर्व्हेला आलेला माणूस चांगला होता, ओल मोजायचं मीटर घेऊन आला, हॅच, म्हणजे पोकळीत उतरायचं जमिनीतलं झाकण, उघडून स्वतः आत गेला, तुळयांची टोकं जिथे भिंतीत जातात तिथे मीटर टोचून बघितलं (कुजायला सुरुवात तिथूनच होते). त्याआधी आलेला दुसरा एक जण सोफ्यावर बसूनच कोटेशन लिहायला लागला होता, त्याला निरोप दिला. काम करणारी टीम मात्र घाईतली होती. वूल फळीच्या पोटाला टेकायला हवा, मध्ये पोकळी राहिली तर त्यात गार हवा फिरते, आणि यांनी एका खोलीत जाळी इतकी सैल मारली की वूल लोंबायला लागला. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, जिथे पाइपांचा गुंता आहे, तिथे काहीच भरलं नव्हतं. हे मला कसं कळलं, तर थंडी पडल्यावर थर्मल कॅमेरा, म्हणजे कुठे किती गरम-थंड ते रंगांत दाखवणारा, भाड्याने आणला, आणि त्या कोपऱ्यात जांभळा, म्हणजे थंड, डाग दिसला. फोटो पाठवले, आधी "तेवढं चालतं" असं उत्तर आलं, मग जरा आवाज चढवल्यावर परत आले, जाळी ताणली, कोपरा भरला, फटींना सीलंट मारला. परत आले हे महत्त्वाचं, सगळेच येत नाहीत. तुम्ही करणार असाल तर करार करतानाच लिहून घ्या की प्रत्येक गाळ्याचा जाळी लावण्याआधीचा फोटो द्यायचा आणि शेवटचा हप्ता थंडीतल्या थर्मल फोटोनंतर. हे ऐकून ज्याचा चेहरा उतरतो त्याला काम देऊ नका.

स्वतः करता येईल का? येईल, पोकळीत आरामात बसता येत असेल तर. पण ग्लासवूलचे कण अंगाला चावतात, मास्क, गॉगल, पूर्ण बाह्या लागतातच, आणि एकट्याने आत जाऊ नका, वर कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. वरून फळ्या उचलून करायचं असेल तर कष्ट कमी पण जुन्या फळ्या काढताना तडकतात, त्याची मानसिक तयारी ठेवा.

काँक्रीटवाल्यांसाठी थोडक्यात. तुमची उष्णता जमिनीच्या मध्यातून फार जात नाही, खालची माती वर्षभर बऱ्यापैकी एकाच तापमानाला असते आणि मोठ्या जमिनीच्या मधल्या भागाला तीच वाचवते. जाते ती कडांनी, बाहेरच्या भिंतीलगत. म्हणून लांबट, कोनाकोनांच्या घराचं नुकसान चौकोनी घरापेक्षा जास्त. सगळी जमीन न फोडता बाहेरून जोत्याच्या कडेने खणून एक्सपीएसचे बोर्ड उभे लावले तरी फायदा होतो, एक्सपीएस कारण तो पाणी पीत नाही. आतून करायचं तर बोर्ड, त्यावर कोबा, त्यावर फरशी, आणि जमीन बरीच वर येते: दारं खालून कापा, जिन्याची पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते आणि माणूस अडखळतो, किचनचा ओटा कंबरेच्या खाली जातो. बोर्ड घेताना नुसता लॅम्डा बघू नका, दाब किती सोसतो तेही बघा. भिंतीलगत बोर्डची उभी पट्टी लावायला विसरू नका, नाहीतर कोब्यातून भिंतीत आणि भिंतीतून बाहेर असा रस्ता राहतोच. अंडरफ्लोअर हीटिंग टाकणार असाल तर मात्र खाली इन्सुलेशन नसेल तर नकाच टाकू, मातीला शेकत बसाल.

आणि ज्यांच्या बेडरूमच्या खाली गॅरेज किंवा उघडं पार्किंग आहे, त्यांनी हे माझ्याही आधी करायला हवं होतं. तिथे खाली माती नाही, थेट बाहेरची हवा आहे, आणि काम खालून उभ्याने करता येतं. तिथे फोम नको, गाड्या उभ्या असतात, रॉकवूल घ्या, तो जळत नाही.

किरकोळ तक्रारी: फळ्या करकरतात त्या अजूनही करकरतात, इन्सुलेशनचा त्याच्याशी संबंध नाही. खालून उंदीर येत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, वूलमध्ये त्यांना आयतं घरटं मिळतं, झरोक्यांना बारीक धातूची जाळी लावा म्हणजे हवा येते उंदीर येत नाही.

मार्क द्यायचे तर मटेरियलला पाचपैकी साडेचार, सर्व्हेला पाच, बसवण्याच्या कामाला अडीच, परत येऊन दुरुस्त केलं म्हणून साडेतीन. अजून एक गोष्ट उरलीय ती म्हणजे हॅचचं झाकण. सगळी जमीन भरून झाली आणि ज्या झाकणातून आत गेले ते तसंच नुसतं फळकूट ठेवून गेले, थर्मल फोटोत अख्ख्या खोलीत तोच एक चौकोन थंड दिसतो. त्याच्या पोटाला बोर्डचा तुकडा चिकटवून कडेने रबराची पट्टी लावायची आहे, तुमच्याकडे काम चालू असेल तर ते लोक असतानाच करून घ्या.